रोबोटला मोठ्यांनी हात लावायचा की नाही?

डेट्रॉईटकर

दर जानेवारीत हा वाद पेटतो. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या अमेरिकेतल्या शालेय रोबोट स्पर्धेचा नवा खेळ जाहीर होतो, हायस्कूलची मुलं त्यासाठी रोबोट बनवायला लागतात आणि एखाद्या टीमचा देखणा रोबोट बघून कोणीतरी म्हणतंच, "हा मुलांनी केलेला नाही, इंजिनियर पालकांनी केलाय."

माझं मत: मोठ्यांनी हात लावावा, बिनधास्त लावावा. संशोधक डीन केमन यांनी 1989 साली फर्स्ट ही संस्था सुरू केली तीच मुळी मुलांना इंजिनियर जवळून बघायला मिळावेत म्हणून. एमआयटीचे प्राध्यापक वुडी फ्लॉवर्स त्यांच्या जोडीला होते. मेंटरसाठीचा, म्हणजे टीमच्या मोठ्या मार्गदर्शकासाठीचा, मानाचा पुरस्कार फ्लॉवर्स यांच्याच नावाचा आहे आणि त्यासाठी नाव मुलंच सुचवतात.

आमच्या टीममध्ये एक निवृत्त टूलमेकर आजोबा येतात. बॅटरीच्या जाड केबलच्या टोकाला लग (धातूची जोडकडी) दाबून घट्ट कसा बसवायचा, म्हणजे क्रिम्प कसा करायचा, ते आधी स्वतः करून दाखवतात, मग केबल जोर लावून ओढतात. नंतर पक्कड मुलीच्या हातात. तिचा लग ओढल्यावर निघून आला, तर काही न बोलता दुसरा लग पुढे केला. आजोबांनी हाताची घडी घालून नुसतं बघत बसायचं ठरवलं असतं, तर ती केबल ऐन मॅचमध्ये सुटली असती आणि का सुटली हेही पोरांना कळलं नसतं.

आदिची_आई

असे आजोबा सगळ्यांना मिळोत. पण मी गेल्या सीझनला काय पाहिलं ते सांगते. एका टीमचा रोबोट बंद पडला. पिटमध्ये, म्हणजे टीमच्या दुरुस्तीच्या जागेत, दोन बाबा लॅपटॉपवर वाकलेले आणि टीमचा प्रोग्रॅमर मुलगा मागे चार्जर धरून उभा. जज आल्यावर मात्र त्यालाच पुढे केलं. मॅचच्या सुरुवातीच्या ऑटोनॉमस सेकंदांत, म्हणजे रोबोट नुसत्या कोडवर आपोआप चालतो तेव्हा, तो दिशा कशी ठरवतो, एवढं विचारलं तर बिचाऱ्याला सांगता येईना. कान लाल झाले होते त्याचे.

पूर्वी सहा आठवडे संपले की रोबोट पिशवीत सील करावा लागायचा. 2020 पासून ते बंधन गेलं. आता ज्या टीमकडे रात्री उशिरापर्यंत थांबणारे पालक जास्त, तिचा रोबोट स्पर्धेपर्यंत सुधारतच राहतो. व्हेक्स या दुसऱ्या शालेय रोबोट स्पर्धेत नियमच आहे की डिझाइन, जोडणी, प्रोग्रॅमिंग विद्यार्थ्यांनीच करायचं. मग इथे का नको?

डेट्रॉईटकर

त्या दोन बाबांचं चुकलंच. पण व्हेक्सचे सुटे भाग टेबलावर बसून जोडता येतात. इथे पन्नास किलोच्या आसपासचा रोबोट असतो, 120 अँपिअरचा मेन ब्रेकर असतो, मिलिंग मशीन असतं. चौदा वर्षांच्या मुलीला त्या मशीनवर एकटं सोडायचं?

आदिची_आई

मशीनपाशी जरूर उभे राहा. पण कोड लिहिताना कोणाचं बोट कापतं? ड्राइव्ह कोच, म्हणजे मॅचमध्ये रोबोट चालवणाऱ्यांना सूचना देणारा, म्हणून विद्यार्थी चालतो, तरी आमच्याकडे तिथे कायम मोठंच माणूस. ऐन मॅचमध्ये निर्णय घ्यायची संधीही मुलांना द्यायची नाही का?

लेथवाला

कोल्हापूरहून लिहितोय. तुमचं भांडण मेंटर जास्त झाल्याचं आहे, आमच्याकडे मेंटरच नाही. 2016 पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी, म्हणजे शाळेतल्या प्रयोगशील कार्यशाळेसाठी, शाळांना केंद्र सरकारकडून 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, देशभर दहा हजार लॅब झाल्या. सामान येतं हो. मी शनिवारी ज्या शाळेत जातो तिथे थ्रीडी प्रिंटरचं नोझल तुंबलं म्हणून तो कापडाखाली झाकून ठेवला होता. सरांना दहावीच्या पोर्शनमधून मान वर करायला वेळ नाही. मी नोझल गरम केलं, सुई घातली, अडकलेलं प्लास्टिक ओढून काढलं. पोरं श्वास रोखून बघत होती. पुढच्या वेळी त्यांनीच काढलं, मला बोलावलंसुद्धा नाही. पहिल्यांदा मोठ्याने हात घातल्याशिवाय काही सुरूच होत नाही, हा माझा अनुभव.

आदिची_आई

लेथवाला, तुम्ही करताय ते शिकवणं आहे, त्याला माझा विरोध नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की डिसेंबरपर्यंत हवं तेवढं करून दाखवा. जानेवारीत खेळ जाहीर झाला की पाना खाली ठेवा.

डेट्रॉईटकर

इथेच आपलं जुळत नाही. वेळ कमी पडल्यावर इंजिनियर कशावर पाणी सोडतो आणि कशाला चिकटून राहतो, हे जानेवारी-फेब्रुवारीतच दिसतं. डिसेंबरच्या सरावात ते दिसत नाही. स्पर्धेच्या दिवशी पिटमधला लॅपटॉप मुलांकडेच हवा, हे मला मान्य. ड्राइव्ह कोच विद्यार्थी असावा, हेही पुढच्या मीटिंगमध्ये मांडतो. जानेवारीत मात्र आजोबा बेंचपाशी असणारच.