लोलापलूझाला (मुंबईतला दोन दिवसांचा म्युझिक फेस्टिवल) पहिल्यांदाच जायचंय, तेही एकटीने. दोन दिवस कसे जमवायचे?

रंकाळ्याची_रॉकर:
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची, नोकरीही इथेच. शाळेपासून ग्रीन डे, स्ट्रोक्स असे अमेरिकन रॉक बँड ऐकत आलेय पण लाइव्ह म्हणाल तर गॅदरिंगच्या बँडपलीकडे काही बघितलेलं नाही. 2023 ला स्ट्रोक्स या फेस्टिवलला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, 2025 ला ग्रीन डे, आणि दोन्ही वेळेला मी घरात बसून लोकांच्या स्टोऱ्या बघत होते, आता पुढच्या वेळी काहीही झालं तरी जायचंच. मैत्रिणींत हे कुणी ऐकत नाही त्यामुळे एकटीच. आई म्हणते एवढ्या गर्दीत एकटीने कशाला मरायला जातेस, पण पटवते तिला. विचारायचं हे की संध्याकाळी पाचच्या सुमारास आत गेलं तर चालेल ना, कारण दुपारच्या बँडांची नावं कधी ऐकलेलीच नाहीत. पुढे उभं राहायचं तर किती आधी जावं? आणि रविवारी रात्रीच निघून सोमवारी दुपारची शिफ्ट गाठता येईल का?

लोअर_परळकर:
शेवटच्या प्रश्नापासून सांगतो. येताना महालक्ष्मी एक्सप्रेस मस्त, रात्री झोपायचं आणि सकाळी सीएसएमटी. पण परतीची तीच गाडी सीएसएमटीहून साडेआठच्या आतच सुटते, म्हणजे मेन बँड स्टेजवर यायच्या आधीच, त्यामुळे रविवारी तिचं तिकीट काढूच नकोस. रात्री उशिराची स्लीपर बस बघ, शो दहापर्यंत संपतोच कारण उघड्यावर लाउडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आहे. तरी माझं ऐकशील तर सोमवारची सुट्टी टाक.
सीएसएमटीहून रेसकोर्सला जायला आता अॅक्वा लाइन मेट्रो आहे, 2025 च्या ऑक्टोबरपासून कफ परेडपर्यंत पूर्ण चालू झाली, महालक्ष्मीला उतरायचं की चालत गेट. लोकलने येणार असशील तर वेस्टर्नची स्लो पकड, फास्ट महालक्ष्मीला थांबत नाही. सुटल्यावर सगळे एकदम स्टेशनकडे निघतात, पंधरा-वीस मिनिटं आतच बसून राहा, मग निघ.

फेडरवाला_पुणे:
साउंडचं काम करतो म्हणून पुढे उभं राहण्याबद्दल बोलतो. बॅरिकेडला चिकटून उभं राहिलं की कलाकार जवळून दिसतो हे खरं पण आवाज तिथे सगळ्यात वाईट. मोठे स्पीकर वर टांगलेले असतात आणि त्यांचा मारा तुझ्या डोक्यावरून मागे जातो, पुढच्या लोकांसाठी स्टेजच्या कडेला छोटे स्पीकर ठेवतात तेवढ्यावर भागवायचं, वर समोर जमिनीवर सबवूफर (खोल बेसचे स्पीकर), मग ड्रम आणि बेस छातीत धडधडतात आणि गाणाऱ्याचे शब्द कुठेतरी हरवतात. मैदानाच्या मध्ये ताडपत्री लावलेला मांडव दिसेल, तिथे सगळा आवाज सांभाळायचा कन्सोल असतो. मिक्स करणारा तिथे बसून ऐकतो आणि तिथे ऐकूनच फेडर (आवाज कमी-जास्त करायची बटणं) हलवतो, म्हणून त्या मांडवाच्या जरा पुढे आणि किंचित डाव्या-उजव्या बाजूला उभी राहा. अगदी मधोमध नको, दोन्हीकडच्या सबचा बेस तिथे एकत्र येऊन साचतो. स्ट्रोक्ससारख्या बँडला दोन गिटार वेगवेगळं काय वाजवतायत हे तिथूनच कळतं, आणि तेच तर ऐकायचं असतं.
इयरप्लग घेतल्याशिवाय जाऊ नकोस, हे हात जोडून सांगतोय. 100 डेसिबलला कानाला सुरक्षित वेळ धरतात फक्त 15 मिनिटं, आणि तू तिथे दोन दिवस असणार आहेस. म्युझिशियन वापरतात तसले घे, आवाज कमी होतो पण सूर बोथट होत नाही. फोमचे घातलेस तर सगळं गादीखालून ऐकल्यासारखं वाटेल.

मुकुंदनगरची_मृणाल:
पाचला जाऊ नकोस गं! आमच्या घरी सवाईला दरवर्षी जातात, बाबा लहानपणापासून सांगायचे की नाव झालेल्यांना सगळेच ऐकतात, दुपारी पहिल्या सत्रात नवीन कोण बसलाय ते ऐकायला वेळेवर पोचायचं. रॉक फेस्टिवललाही मी तेच करते. रात्रीचा मोठा बँड तुला पाठच आहे, त्याची गाणी तू उद्या परत लावशील, पण दुपारी दोनला बंगलोरचा नाहीतर शिलाँगचा एखादा बँड अर्ध्या तासाच्या सेटमध्ये जीव ओतून वाजवत असतो आणि समोर मोजकीच माणसं असतात, तू अगदी पुढे उभी राहून बासिस्टची बोटं बघू शकतेस. 2023 ला ब्लडीवूड इथे वाजले, हिंदी-पंजाबी-इंग्रजीत मेटल आणि मध्येच ढोल, तोवर ते माहीतच नसलेले कितीतरी लोक त्या गर्दीत होते. हा फेस्टिवल 1991 मध्ये पेरी फॅरेलने सुरू केला तो त्याच्या बँडची निरोपाची टूर म्हणून, आणि त्यात रॉक, रॅप, इंडस्ट्रियल सगळं एकाच तिकिटावर गावोगाव फिरवलं. न ऐकलेलं ऐकायला मिळावं हाच त्याचा पाया आहे. आधीच्या आठवड्यात लाइनअपमधल्या प्रत्येक अनोळखी नावाचं एक-एक गाणं ऐक आणि आवडलेल्यांवर खूण करून ठेव, स्टेज चार असतात आणि वेळा एकमेकांवर येतात.

गिग_गल्ली:
मला हे पटत नाही. तिकीट, राहणं, आतलं खाणं धरून जो खर्च होतो त्यात वर्षभर छोट्या हॉलमधले गिग (लाइव्ह कार्यक्रम) होतात आणि तिथे बँड पूर्ण दीड तास वाजवतो.

मुकुंदनगरची_मृणाल:
@गिग_गल्ली पुण्या-मुंबईत राहणाऱ्याला ठीक आहे हो. कोल्हापुरात दर महिन्याला कुठला इंडी (स्वतंत्र बँडचा) गिग लागतो? तिला दोन दिवसांत डझनभर बँड ऐकायला मिळणार असतील तर तिच्यासाठी हाच हिशोब बरोबर आहे.

दादर_वेस्टची:
एकटीने जाण्याबद्दल, मीही एकटीच जाते आणि खरं सांगू का, बरंच असतं, कुठल्या स्टेजला जायचं यावर ग्रुपमध्ये वाद घालत बसायला लागत नाही. गर्दीच्या बाहेरच्या कडेला राहा, ढकलाढकली वाढली की तिरकं चालत बाजूला निघायचं, सरळ मागे वळून नाही. बाथरूमला मोठा सेट सुरू व्हायच्या आधीच जाऊन ये, नंतर रांग हलत नाही. आत कॅश चालत नाही, मनगटावर बांधतात त्या रिस्टबँडमध्येच पैसे भरायचे, थोडे थोडे भर, आणि उरलेले परत मागायची मुदत वाचून ठेव. बूट जुने आणि सवयीचे घाल. राहायला दादर-परळ बघ, रात्री टॅक्सी नाही मिळाली तरी लोकलने दोन-तीन स्टेशनं. आईला हॉटेलचा पत्ता आणि बसचा नंबर लिहून दे आणि रात्री शो सुटला की आधी फोन कर, मैदानात नेटवर्क जातं हे तिला आधीच सांगून ठेव म्हणजे घाबरणार नाही. आणि तिकीट अधिकृत अॅपवरूनच घे, सोशल मीडियावर अनोळखी माणसाकडून रिस्टबँड अजिबात विकत घेऊ नकोस, एकदा मनगटावर आवळलेला काढून दिलेला चालत नाही.