मे महिन्यात पिक्चर एसीसाठी बघायचा असतो, स्टोरीसाठी नाही (वैयक्तिक मत, भांडायला या)

आळशी_घुबड
आधीच सांगतो, मत माझं आहे, पटलं नाही तर मला बोला, घरच्यांना मधे आणू नका.

आमचा फ्लॅट पुण्यात, सगळ्यात वरच्या मजल्यावर. एप्रिलपासून स्लॅब असा तापतो की रात्री अकराला भिंतीला पाठ टेकवली तर इस्त्री केल्यासारखं वाटतं. घरी एसी नाही, बायको म्हणते पुढच्या वर्षी बघू, हे वाक्य मी २०१९ पासून ऐकतोय. म्हणून या वर्षी (२०२५) ठरवलं, की सुट्टी असेल त्या दिवशी दुपारचा साडेबाराचा शो, पिक्चर कुठलाही. असे सहा झाले. आणि मला एक माप सापडलं: किती मिनिटं झोप लागली. जेवढी जास्त तेवढा पिक्चर पैसा वसूल.

रेड २: पंचवीस मिनिटं. रितेश आईचे पाय धूत होता तेव्हा डोळा लागला, उठलो तर अजय देवगण अजून शोधतच होता आणि काहीच सापडलं नव्हतं, म्हणजे माझं पण काही हुकलं नाही.

भूल चूक माफ: हा तर झोपण्यासाठीच बनवलाय. हिरो एकाच दिवसात अडकतो, रोज उठला की परत हळदच. तुम्ही अर्धा तास झोपा, उठा, हळद चालूच. पस्तीस मिनिटं, आरामात.

मिशन इम्पॉसिबल द फायनल रेकनिंग: पन्नास मिनिटं, माझं रेकॉर्ड. पावणेतीन तासांच्या वर पिक्चर आहे. टॉम क्रूझ पाणबुडीत खाली खाली गेला तसा मी पण खुर्चीत खाली खाली गेलो. तो वर आला, मी नाही आलो.

हाउसफुल ५: चाळीस मिनिटं, पण त्याचा एक घोळ झालाय, तो नंतर सांगतो.

गुलकंद: पाच मिनिटं. मागची लाइन एवढी हसत होती की झोपणं शक्यच नव्हतं.

आता थांबायचं नाय: शून्य. एक मिनिट नाही. बीएमसीचे सफाई कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीची परीक्षा देतात, खरी गोष्ट आहे, आणि मी येडा रुमाल शोधत बसलो. माझ्या मापाप्रमाणे हा पिक्चर नापास. पैसे देऊन झोपायला गेलेल्या माणसाला रडवलं, ही फसवणूक आहे.

पडदाप्रेमी
विनोद म्हणून ठीक आहे पण मला हसू नाही आलं. एक मेला काय झालं माहितीये ना? गुलकंद आणि आता थांबायचं नाय, दोन्ही मराठी पिक्चर एकाच दिवशी, आणि वरून त्याच दिवशी रेड २. महाराष्ट्र दिन म्हणून सगळ्यांना तीच तारीख पाहिजे, मग आमच्या इथल्या मल्टिप्लेक्समध्ये दोन मराठी पिक्चरना मिळून जे शो होते ते सकाळी नऊ चाळीस आणि दुपारी सव्वातीन. सकाळी नऊ चाळीसला कोण जातं? अजून दूधवाला गेलेला नसतो. आणि जे चार लोक जातात त्यात तुझ्यासारखे घोरायला जातात. शिवराज वायचळचा दिग्दर्शक म्हणून पहिला पिक्चर आहे आता थांबायचं नाय, आशुतोष गोवारीकर साहेबाच्या रोलमध्ये, सिद्धार्थ जाधव आणि भरत जाधव दोघं झाडूवाल्या कामगारांच्या, ओम भुतकर मास्तर, एवढी माणसं जीव ओतून काम करतात आणि आपण मोजतो काय, तर झोप.

खारे_शेंगदाणे
@पडदाप्रेमी अहो पण त्याने तिकीट काढलं ना! जागा राहून मोबाइलवर चोरून डाउनलोड केलेला बघणाऱ्यापेक्षा तिकीट काढून झोपणारा केव्हाही बरा. निर्मात्याला घोरण्याचे पैसे वेगळे कापत नाहीत.

पडदाप्रेमी
मुद्दा तिकिटाचा नाहीये, नजरेचा आहे.

खारे_शेंगदाणे
नजरच मिटलेली आहे त्याची 😄

वऱ्हाडी_ठेचा
काऊन बे, तुमचं पुण्याचं चाळीस म्हणजे उन्हाळा होय का? आमच्याकडे चाळीसला लोक स्वेटर घडी करून कपाटात ठेवतात. नागपूरले एसीसाठीच जातेत सिनेमाले, यात मत काय द्याचं. माया काका तर तिकीट खिडकीवर सिनेमाचं नाव विचारतच नाही, विचारते "मोठा कोणता हाय?" जो सगळ्यात लांब त्याचं तिकीट. टॉम क्रूझ त्याईले लय आवडला, पावणेतीन तास गारव्यात. घरचा कूलर लावला तर दोन बादल्या पाणी लागते अन् रातभर घरात चिकचिक.

पण भाऊ, यंदा सगळं उलटंच झालं, नवतपाच (मे अखेरचे नऊ तापते दिवस) भिजला. काका थेटरात गेले अन् बाहेर आले तं पाऊस. म्हणे तिकीट वाया गेलं.

एडिसनची_वहिनी
तुमचं बरंय बाबा, तिकडे मध्यंतर तरी असतं. इथे अमेरिकेत पावणेतीन तासांचा पिक्चर आणि इंटरव्हलच नाही, सलग! मी नवऱ्याला म्हटलं होतं मोठा ग्लास घेऊ नकोस, ऐकलं नाही, टॉम क्रूझ विमानाला लटकला त्याच वेळी हे उठून पळाले. परत आले तर विचारतात पडला का? अरे ६२ वर्षांचा माणूस विमानाला लटकतोय आणि तुला चाळीशीत दोन तास बसवत नाही. वर तुमच्याकडे पिक्चर १७ मेला लागला, आमच्याकडे २३ला, सासूबाईंनी व्हॉट्सअॅपवर शेवट आधीच सांगून टाकलेला. सासूबाई! मिशन इम्पॉसिबलचा!

आणि आळशी_घुबड, पाणबुडीचा सीन झोपून घालवलास म्हणजे पिक्चरमधलं सगळ्यात भारी तेच घालवलंस. त्यात डायलॉग जवळजवळ नाहीतच, फक्त पाणी आणि तो. मला श्वास घेता येत नव्हता.

आळशी_घुबड
डायलॉग नाहीत म्हणूनच झोप लागली ना वहिनी, अंगाईला पण एवढी शांतता नसते.

नाद_खुळा_कोल्हापूर
काय बोलतोयस भावा. पिक्चर बघायचा तर शिट्ट्या मारत, एसीत अंगावर शाल घेऊन नाही. २०१६ चा उन्हाळा आठव, २९ एप्रिलला सैराट लागला तवा आमच्यात सिंगल स्क्रीनला पंखे घरघर करत फिरायचे, वारा फक्त पंख्याखाली बसलेल्याला, बाकीचे घामानं चिप्प, तरी झिंगाट लागलं की खुर्चीवर कोण न्हाय, सगळी पोरं पडद्याम्होरं. एका आजीनं पिशवीतली भाकरी काढून इंटरव्हलला खाल्ली, शेजारच्याला पण दिली, कोण म्हणलं न्हाय बाहेरचं खायला चालत न्हाय. आता मल्टिप्लेक्सात बॅग तपासतात जसं काय चटणीत बाँब हाय.

तुला झोप येती कारण तू एकटा जातोस. चारजण घेऊन जा, झोपून दाखव.

कोथरूडची_काकू
बॅग तपासण्यावरून आठवलं. परवा माझ्या पर्समधली लसणाची चटणी आणि दोन दशम्या बाहेर ठेवायला लावल्या आणि आत पॉपकॉर्न ४२० रुपये. आकडा पण कसा बघा. वर त्या मुलाला विचारलं कॅरॅमल घेतलं तर जास्त टॅक्स का रे, पेपरात आलं होतं अठरा टक्के, तर तो नुसता हसला.

मूळ विषय: माझं मत एकदम विरुद्ध आहे. ज्याला झोप लागते त्याचे पैसे परत द्यावेत. मी आणि नणंद ६ जूनला जारणला गेलो. अमृता सुभाष आणि अनिता दाते आहेत म्हटल्यावर नणंदेला वाटलं घरगुती काहीतरी असेल. नावावरून कळायला हवं होतं (जारण म्हणजे करणी) पण तिला जारण म्हणजे जरीचा काहीतरी प्रकार वाटला. पहिल्या वीस मिनिटांत माझा दंड असा धरला की नखं उमटली. आता तिच्या दारात कुणी लिंबू विसरून गेलं तरी मला फोन येतो. पण झोपलो का? नाही. तीन रात्री घरी पण नाही झोपलो.

खारे_शेंगदाणे
काकू, सरकारने २०२४ च्या डिसेंबरातच सांगितलं होतं, अठरा टक्के ते साखर लावलेल्या पॉपकॉर्नला, थेटरात सुटं मिळतं त्याला पाचच टक्के. ४२० मधला बाकीचा सगळा मक्याचा मोठेपणा आहे.

कोथरूडची_काकू
मग पाचच टक्के कर आणि चारशेचा मका. अजूनच राग आला.

पडदाप्रेमी
काकूंचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. जारणच्या दिवशी समोर हाउसफुल ५ होता, केवढा मोठा, अक्षय अभिषेक रितेश आणि नाना पाटेकर सुद्धा, तरी काकू मराठीला गेल्या. एवढंच म्हणतोय मी. गारव्याला जायचंय ना, जा, पण मग मराठीच्याच गारव्यात जा, तापमान तेच असतं.

आळशी_घुबड
हे मात्र पटलं, तापमान तेच असतं. पण मराठीत झोप लागत नाही ही माझी अडचण आहे ना. अशी ही जमवा जमवीला एप्रिलमध्ये आईला घेऊन गेलो होतो (हा सहात धरला नाही, आईच्या शेजारी झोपता येत नाही), अशोक सराफ नुसते पडद्यावर आले तरी आई मला कोपर मारायची, बघ बघ. मी बघतोच होतो. कोपर मारणारी आई असेल तर एसी फुकट.

नाद_खुळा_कोल्हापूर
बघ, म्हणजे माझाच मुद्दा. माणसं बरोबर पाहिजेत.

वऱ्हाडी_ठेचा
माणसं घेऊन गेलं तं तिकीटं कोण काढंल? एकट्याचं अडीचशे परवडते, घरच्याईले न्या म्हणलं तं तेवढ्यात जुना कूलर येते.

एडिसनची_वहिनी
ए पण हाउसफुलचा घोळ सांगणार होतास तो काय?

आळशी_घुबड
हां. तर हाउसफुल ५ चे दोन शेवट आहेत हे सगळ्यांना माहितीच असेल. ५ए आणि ५बी, बाकी पिक्चर तोच, खुनी वेगवेगळा. मी गेलो, बोटीवर जॉली नावाचे तीन वारस आले, श्रीमंत म्हातारा गेला, इस्टेटीवरून गोंधळ, इथपर्यंत मी जागा. मग नाना पाटेकर आले, हसलो, आणि त्यानंतर एकदम दिवे लागले आणि झाडूवाला "साहेब उठा" म्हणत होता. खुनी झोपेत गेला.

बायकोने घरी विचारलं कोण होता. मी म्हटलं सांगितलं तर मजा जाईल. तिने रविवारची दोन तिकिटं काढली.

आता प्रश्न असा आहे, की मी ए बघितला का बी बघितला हेच मला माहिती नाही. तिकीट शर्टाच्या खिशात होतं, शर्ट मशीनमध्ये गेला, आता तो एक लगद्याचा गोळा आहे.

खारे_शेंगदाणे
मोबाइलवर बुकिंग नव्हतं?

आळशी_घुबड
खिडकीवर काढलं. माणसाला म्हटलं साडेबाराचा द्या. तो म्हणाला कुठला, मी म्हटलं जो लागलाय तो.

कोथरूडची_काकू
आमच्या शेजारचे जोशी बी बघून आलेत, त्यांना विचारते.

वऱ्हाडी_ठेचा
काकाले विचारलं. काका म्हणते ए मोठा हाय का बी मोठा हाय ते सांगा आधी.

पडदाप्रेमी
मी बघितलेला नाही आणि बघणार पण नाही.

कोथरूडची_काकू
जोशी म्हणाले मध्यंतरानंतर त्यांना डुलकी लागली होती.