रोटाव्हेटरचं गिअर तेल: नुसती भर टाकायची की बदलायचं?

काळी ढेकूळ: रोटाव्हेटरबद्दल (ट्रॅक्टरमागचं माती भुसभुशीत करणारं यंत्र) काल वाचलेलं एक वाक्य डोक्यातून जात नाहीये. 'गिअरबॉक्समध्ये तेल जळत नाही, मग बदलायचं कशाला? कमी झालं की भर टाका.' लोकांनी माना डोलावल्या म्हणून लिहितोय. तेल जळत नाही, कबूल. पण दातांचा कीस कुठे जातो? नव्या गिअरचे दात एकमेकांवर बसतात तेव्हा सगळ्यात जास्त लोखंड सुटतं. पहिली बदली लवकर करा असं पुस्तिकेत सांगतात ते याचसाठी. तो कीस तेलासोबत फिरतो आणि बेअरिंग खातो. मी पहिलं तेल पांढऱ्या थाळीत काढलं होतं, उन्हात धरल्यावर चंदेरी दिसत होतं. ते पाहिल्यावर नुसती भर टाकायला माझा हात धजला नाही.

जुनं लोखंड: आमचा रोटाव्हेटर अकरा हंगाम चालला. एकदाही तेल बदललं नाही, गिअर ठणठणीत. सील (तेल अडवणारी रबरी कडी) जरा झिरपतं म्हणून दर हंगामाला भर टाकतो, बस्स. पुस्तिका लिहिणाऱ्यांना तेल विकायचं असतं.

काळी ढेकूळ: दादा, मग तुमचं तेल गळतीनेच बदललं ना! जुनं खाली गेलं, नवं वरून आलं. ज्याचं सील धड आहे त्याने तुमचं ऐकलं तर तो तेच काळं तेल अकरा हंगाम घुसळत बसेल. आणि कीस जड, मशीन थांबलं की तो तळाशी बसतो, झिरपून जात नाही.

पाना-पक्कड: गळतीचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ९० नंबरचं गिअर तेल काढा आणि १४० टाका, आकडा मोठा तितकं तेल घट्ट. घट्ट तेल गळत नाही. मी सगळ्यांना हेच सांगतो.

तास-दोन तास: चुकीचं सांगता. सील फाटलंय तर १४० पण गळणारच, जरा सावकाश. आणि घट्ट तेल गारठ्यात वरच्या बेअरिंगपर्यंत पोचायला वेळ लावतं. पुस्तिकेत ९० ईपी (जास्त दाब सोसणारं) लिहिलंय तर तेच टाकावं.

पाना-पक्कड: तुम्ही कधी हात काळे केलेत का? नव्वद म्हणजे पाणी आहे पाणी! इंजिनात ४० टाकतो, त्याच्या दुप्पट घट्ट म्हणून ९० विकतात आणि ओतलं की पातळ.

तास-दोन तास: हात रोजच काळे असतात, म्हणूनच बोलतोय. इंजिन तेलाचे आणि गिअर तेलाचे आकडे वेगवेगळ्या मापाचे आहेत. गरम झाल्यावर गिअरचं ९० हे इंजिनच्या ४०-५० च्या आसपासच असतं. दुप्पट-बिप्पट काही नाही. गिअर तेलात खरा फरक ईपीचा: दातांवर दाब आला तरी धातूला धातू घासू देत नाही.

बांधावरचा: तुमचे आकडे चालू द्या, आमचं दुखणं वेगळं. भाड्याने नेणारे परत देताना पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुतात आणि नळी थेट ब्रीदरवर धरतात. उघडलं तर तेल दुधासारखं पांढरं. पाणी शिरल्यावर नव्वद काय नि एकशेचाळीस काय, बेअरिंगला गंज चढतो. माझं एक बेअरिंग असंच गेलं. कुणी भरून दिलं नाही.

जुनं लोखंड: ब्रीदर म्हणजे वरचं ते भोकाचं बूच ना? आमचं तर चिखलाने कधीचं बुजलंय.

काळी ढेकूळ: मग दादा, गळतीचं कारण तिथेच असू शकतं! आतली हवा गरम होऊन फुगते, वर वाट नाही म्हणून सीलमधून तेल रेटते. लेव्हलच्या (तेल कुठवर भरायचं ते दाखवणाऱ्या) बोल्टच्या वर भरलं तरी हेच होतं. आणि पाती फिरवणाऱ्या रोटरच्या टोकाला सुतळी, वेल, तार गुंडाळलीय का तेही बघा, ती सीलचा ओठ कापते. तेल काढायचंच तर काम संपल्यावर कोमट असताना, मशीन सपाट जागी टेकवून काढा. बाजूच्या चेनच्या डब्याचं तेल वेगळं असतं, ते बहुतेक जण विसरतात.

पाना-पक्कड: ब्रीदरचं मानतो, ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं. १४० बद्दल माझं मत तेच आहे.

जुनं लोखंड: आत्ता खिळ्याने ते भोक मोकळं केलं. फुस्सकन हवा आली. तेल बदलेन असं म्हणत नाही, पण खालचं बूच काढून काय निघतंय ते उद्या थाळीत बघतो.