मदत हवी आहे : ४५० हेलिकॉप्टरच्या शेपटीची थरथर जात नाही

नमस्कार मंडळी,
तीन आठवडे झाले, रोज रात्री जेवण उरकलं की रिमोटवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर (हेली) उघडून बसतोय. मुलीची दहावीची परीक्षा परवा संपते आणि त्या दिवशी ते तिच्या हातात द्यायचं कबूल केलंय. म्हणून विचारतो.

४५० साइजचं इलेक्ट्रिक, फ्लायबारलेस (रोटरवर तोल राखणारा दांडा नसलेलं), टॉर्क ट्यूबवालं (शेपटीचा रोटर पट्ट्याऐवजी लांब दांड्यानं फिरवणारं). ३२५ मिमीची कार्बनची पाती. महिन्यापूर्वी ऊस तुटून गेलेल्या रानात उतरवताना शेपूट खोडक्यात अडकली आणि आडवं झालं. मेन शाफ्ट (मोठा रोटर फिरवणारा), फेदरिंग शाफ्ट (दोन्ही पात्यांच्या पकडी जोडणारा आडवा दांडा), टेल बूम (शेपटीची नळी) नवे घातले. मोठी आणि शेपटीची, दोन्ही पाती नवी. मेन गिअरचे दात एकेक करून पाहिले, शाबूत आहेत.

तरी होवरला (हवेत एका जागी तरंगताना) शेपटीच्या उभ्या फिनची (पंखाची) कड एक दिसत नाही, दोन दिसतात. आणि मिनिटभरानं शेपूट आपसूक डावीकडे सरकायला लागते, रिमोटची काठी मध्ये असताना.

केलेलं सांगतो. मोठ्या पात्यांचा आधी गुरुत्वमध्य जुळवला, मग वजन. एका टोकाला लाल टेप लावून ट्रॅकिंग (दोन्ही पाती एका पातळीत फिरतात का ते) बघितलं, दोन्ही एकाच रेषेत फिरतात. ब्लेड ग्रिप (पात्याची पकड) उघडून थ्रस्ट बेअरिंग (पात्याची बाहेरची ओढ झेलणारं) पाहिलं, मोठ्या भोकाचं वॉशर हबच्या (मधल्या भागाच्या) बाजूलाच आहे. पात्यांचे बोल्टही बेताचे आवळलेत : हेली आडवं धरलं तर पाती लोंबत नाहीत, झटका दिला तर हलतात. शेपूट स्थिर ठेवणाऱ्या जायरोखालचा फोमचा टेप बदलला, काही फरक नाही.

आता कुठे बघू?

प्रतिसाद १
दादा, आधी हे सांगा, अख्खं हेली डुलतंय की झिणझिणतंय? मोठा रोटर मिनिटाला साधारण २५०० फेरे मारतो, शेपटीचा त्याच्या चौपटीहून जास्त. डुलत असेल तर दोष वर मोठ्या रोटरच्या डोक्यात. कड दुहेरी दिसण्याइतकी बारीक झिणझिण असेल तर शेपटीत नाहीतर मोटरमध्ये. शेपूट सरकते त्यात जायरोच्या सेटिंगचा दोष नसावा, थरथरीनं त्याची फसगत होते. सेटिंगला हात लावू नका.

मोठी पाती काढा आणि फिरवून बघा. मग शेपटीचीही काढा, पुन्हा बघा. पाती नसली तरी ग्रिप बोटं फोडू शकतात, कुणाला तरी स्किड (खालचे पाय) नीट दाबून धरायला सांगा आणि तोंड लांब ठेवा. काही सेकंदच. वेग चढताना मध्येच एकदा थरथरून पुढे शांत झालं तर ते सोडून द्या, बूमचा स्वभाव असतो तो.

धागाकर्ता
केलं. मोठी पाती काढली, झिणझिण तशीच. शेपटीची काढली, निम्मी झाली पण गेली नाही. मग टेल हब सोडवून त्याचा शाफ्ट बाहेर काढला. नुसत्या डोळ्याला सरळ. खिडकीची काच आडवी ठेवून त्यावर बोटानं गडगडवला तर एका जागी अडखळतो, आणि काच डोळ्याच्या पातळीला धरली की खालून केसाएवढा उजेड दिसतो, अर्ध्या फेऱ्याला मिटतो. मेन शाफ्ट बदलला, फेदरिंग बदलला आणि हा छोटा तसाच राहिला.

नवा मागवलाय, उद्या येतोय. टेल केसची (हा शाफ्ट बसतो त्या डबीची) दोन बेअरिंगं पण बदलू का? वरून चांगली दिसतात.

प्रतिसाद १
बदला. वाकड्या शाफ्टवर तीन आठवडे फिरलीत. जुनी हातात घेऊन सावकाश फिरवून बघा, बारीक वाळू चावल्यासारखं लागलं तर गेलीच. आणि हबच्या ग्रब स्क्रूला (डोकं नसलेल्या छोट्या स्क्रूला) थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद) एकच थेंब, आधी जुना स्पिरिटनं पुसून काढा. थेंब बेअरिंगमध्ये उतरला तर ते जाम होईल. पहिलं उड्डाण तुम्ही करा, फिनकडे बघत. कड एक दिसली की मग मुलीच्या हातात.