गाड्यांच्या नावांचा खरा उच्चार काउंटरवर करावा का?

सातपूरकर:
मुंबई नाक्याजवळ स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटर सांभाळतो. गिऱ्हाईक 'रेनॉल्ट'चे ब्रेक पॅड मागतं, 'स्कोडा'चा फिल्टर मागतं, 'बीएम'चे वायपर मागतं. आमचा नवा मुलगा फोनवर रेनॉल्टला 'रनो' म्हणाला, तर पलीकडून, "ती कुठली गाडी?" मला नावं नीट घ्यायला आवडतात. कुणी आपलं आडनाव चुकवलं तर लागतंच ना! पण समोरच्याचा अपमान नको. तुम्ही काय करता?

गंगापूररोड:
तुमचा मुलगा बरोबर आहे. फ्रेंचमध्ये त्या नावातले शेवटचे ल आणि ट उच्चारत नाहीत. स्कोडा चेक कंपनी, तिच्या एसवर छोटी खूण असते, म्हणून 'श्कोडा'. पोर्शमध्येही शेवटचा ए बोलतात: 'पोर्शे'. बीएमडब्ल्यूला जर्मन 'बे-एम-वे' म्हणतात, पण ते इथे कशाला?

अंबडचा फिटर:
दादा, आपल्या नाशकातच लोगन गाडी बनायची, महिंद्रा-रेनॉल्टची. तेव्हापासून सगळे 'रेनॉल्ट'च म्हणतात. बिलावर स्पेलिंग आणि पार्ट नंबर बरोबर ठेवा, तोंडी गिऱ्हाईक म्हणेल ते. २००८ मध्ये मायको कंपनीचं नाव बॉश झालं, तरी रिक्षावाल्याला मायको सर्कलच सांगावं लागतं.

सातपूरकर:
पटलं. गिऱ्हाइकाला टोकणार नाही. मुलाला मात्र 'रनो' म्हणू देतो, कानावर पडू दे लोकांच्या.