मदत हवी आहे: स्क्रिप्ट गिटहबवर टाकली, बाकीच्यांकडे चालत नाही

मुकी मैना
ऑडिओबुकच्या एडिटिंगसाठी स्क्रिप्ट लिहिली आहे. वाचताना चुकलं की मी टाळी वाजवते, स्क्रिप्ट टाळी शोधून तिथे मार्कर टाकते. गिटहबवर, म्हणजे कोड ठेवायच्या साइटवर, ठेवून ग्रुपमध्ये लिंक दिली तर सगळे म्हणतात एरर येतोय. माझ्याकडे मस्त चालते. शुक्रवारी फायली द्यायच्यात, काम आम्हा चौघांत वाटलंय. लवकर सांगा प्लीज.

खटपट्या
कसला एरर? कुठलं सॉफ्टवेअर? लिंक नेमकी कुठे टाकतायत?

मुकी मैना
रीपर, ऑडिओ एडिटिंगला अजून काय! रीपॅकमध्ये टाकतायत, रीपरमध्ये स्क्रिप्ट उतरवून घ्यायचं एक्स्टेन्शन आहे ना, त्यात.

गोट्या
ऑडॅसिटी घ्या. फुकट आहे, माझं सगळं त्यावरच चालतं.

खटपट्या
गोट्याभाऊ, रीपरची ल्युआ भाषेतली स्क्रिप्ट ऑडॅसिटीत चालणार आहे का?

गोट्या
तिथे नायक्विस्ट ही लिस्पसारखी स्क्रिप्टची भाषा आहे. त्यात नव्याने लिहायची.

बटाटेवडा
शुक्रवारपर्यंत? लिस्पचे कंस मोजण्यातच रविवार उजाडेल. ताई, गिटहब वगैरे सोडा, फाइल व्हॉट्सॲपवर पाठवा. जो तो आपापल्या स्क्रिप्ट्स फोल्डरमध्ये टाकेल, ॲक्शन लिस्टमधून लोड करेल. पाच मिनिटांचं काम.

खटपट्या
आणि उद्या ताईंनी एक ओळ बदलली की परत तिघांना पाठवायचं? मग ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘खरंच फायनल’. रीपॅक त्यासाठीच आहे. मैनाताई, लिंक कुठली दिली? पत्त्यात ‘ब्लॉब’ आहे का?

मुकी मैना
ब्राउझरमध्ये दिसते तीच कॉपी केली. हो, ब्लॉब आहे.

खटपट्या
मग बरोबर. ते गिटहबचं पान झालं, एचटीएमएल. रीपॅकला स्क्रिप्टची लिंक चालत नाही, त्याला इंडेक्स.एक्सएमएल ही स्क्रिप्टच्या यादीची फाइल लागते आणि तिचीही ‘रॉ’ लिंक, म्हणजे पान नाही, नुसती फाइल उघडणारी. रेपोत, म्हणजे गिटहबवरच्या तुमच्या प्रोजेक्टमध्ये, ती फाइल आहे का?

मुकी मैना
नाही. एकच ल्युआ फाइल आहे आणि नमुन्याला एक वेव्ह ऑडिओ फाइल टाकत होते, ती चढतच नाही.

बटाटेवडा
केवढी आहे?

मुकी मैना
तासाभराचं रेकॉर्डिंग. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, मोनो.

बटाटेवडा
म्हणजे ५०० एमबीच्या वर. गिटहब १०० एमबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. अर्ध्या मिनिटाचा तुकडा टाका, टाळी ऐकू आली म्हणजे झालं.

खटपट्या
इंडेक्स हाताने लिहू नका. रीपॅकचा तयार टेम्प्लेट रेपो आहे, त्यावरून स्वतःचा बनवा. पुश केलं, म्हणजे बदल वर चढवले, की गिटहब ॲक्शन्स ही आपोआप कामं करणारी सोय इंडेक्स करून देते. नाहीतर रूबी भाषा इन्स्टॉल करा, तिच्यात रीपॅक-इंडेक्सचं जेम, म्हणजे पॅकेज, घाला, विंडोजवर त्याने डोकं उठतं. स्क्रिप्ट रेपोच्या मुळाशी नको, एखाद्या फोल्डरमध्ये ठेवा, तेच नाव रीपॅकमध्ये कॅटेगरी म्हणून दिसतं. वरच्या कॉमेंटमध्ये @डिस्क्रिप्शन, @ऑथर, @व्हर्जन या ओळी हव्यात, अर्थात रोमन लिपीत.

कायदेपंडित
लायसन्स फाइल टाकलीत का? रेपो पब्लिक असला तरी लायसन्स नसेल तर दुसऱ्याला कोड बदलून वाटायचा हक्क नसतो. एमआयटी टाका, कुणीही वापरा-बदला म्हणणारं सोपं लायसन्स.

गोट्या
जीपीएल टाका, त्यात बदलून वाटणाऱ्यालाही कोड खुला ठेवावा लागतो. एमआयटी म्हणजे फुकटात वाटप.

कायदेपंडित
आत्ता ऑडॅसिटी फुकट म्हणून नाचत होता ना?

बटाटेवडा
टाळी शोधायच्या स्क्रिप्टवरून भांडताय, राव.

मुकी मैना
झालं, रॉ लिंकने इम्पोर्ट झालं. दोघींकडे चालतंय. एकाकडे ‘निल व्हॅल्यू’ असं काहीतरी येतंय.

खटपट्या
स्क्रिप्टमध्ये एसडब्ल्यूएस या रीपरच्या वेगळ्या एक्स्टेन्शनची फंक्शन्स वापरलीत का?

मुकी मैना
हो, ते सगळ्यांकडे असतंच की.

खटपट्या
नसतं. म्हणून त्याच्याकडे फंक्शन सापडत नाही आणि ‘निल’ येतं. त्याला रीपॅकमधूनच एसडब्ल्यूएस इन्स्टॉल करायला सांगा आणि रीपर बंद करून पुन्हा चालू करायला. स्क्रिप्टच्या सुरुवातीला एक तपासणीही घाला, नसेल तर सरळ ‘आधी एसडब्ल्यूएस टाका’ असा मेसेज येऊ दे.

चिवडा
मैनाताई, टाळी कशाला? कुत्र्यांना शिकवायला क्लिकर मिळतो तो घ्या. हातात मावतो, आवाज टोकदार येतो, वेव्हफॉर्मवर काटा उभा दिसतो. आणि माइक कुठला वापरता?

मुकी मैना
माइकचं नंतर. क्लिकर घेतला तर थ्रेशोल्ड, म्हणजे केवढा आवाज आला की टाळी धरायची ती मर्यादा, बदलावा लागेल का?

खटपट्या
लागेल. बदललात की @व्हर्जनचा आकडा वाढवून मगच पुश करा, नाहीतर कुणाकडेही अपडेट जाणार नाही.