मदत हवी आहे: माटोळीचं ॲप आईच्या फोनवर अडकत अडकत स्क्रोल होतं, प्रोफायलर बघून डोकं फिरलंय

कुळागरवाला:
नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितोय. मी काही पक्का अँड्रॉइडवाला नव्हे, दिवसा अकाउंट्स बघतो आणि रात्री कॉटलिनशी (अँड्रॉइड ॲप लिहायची भाषा) झटापट करतो. चवथीला माटोळीला काय काय बांधतात त्याचं एक छोटं ॲप केलंय (गोव्याबाहेरच्यांसाठी: गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगून तिला फळं, भाज्या, रानातलं काय काय बांधतात, ती माटोळी). कवंडळ, घागऱ्या, आंबाडे, निरफणस, चिबूड, सुपारीचं शिपटं धरून सध्या ८४ नग झालेत. फोटो मीच गेल्या वर्षी बाजारात आणि मामाच्या कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) फिरून काढले, नावं सगळी आईने सांगितली, आणि नेमकं तिच्याच फोनवर ॲप चालत नाही.

माझा फोन ९० हर्ट्झचा (पडदा सेकंदाला ९० वेळा नवा होतो), त्यावर लोण्यासारखं चालतं. आईचा जुना, ३ जीबी रॅम, अँड्रॉइड १०, त्यावर यादी सरकवली की दर दोन नगांना धक्का बसतो. शिवाय ती मधेच व्हॉट्सॲप बघून परत आली की ॲप पहिल्यापासून उघडतं. अँड्रॉइड स्टुडिओचा प्रोफायलर (ॲपचा वेळ आणि मेमरी कुठे जाते ते दाखवणारं साधन) लावून जावा मेथड ट्रेस (कुठल्या फंक्शनला किती वेळ लागला त्याची नोंद) घेतला तर सगळंच हळू दिसतंय, जे फंक्शन बघावं ते लाल. मेमरीत जावाचा आलेख मात्र सपाट, म्हणजे लीक (काम झालं तरी मेमरी न सुटणं) नाही असं मी धरलंय. आता कुठे बघू? आणि कृपा करून आईला नवा फोन घे म्हणू नका, ते मलाही सुचलंय.

रात्रपाळी:
डीबग बिल्डवर (चुका शोधायच्या आवृत्तीवर) मोजलंत ना? तिथेच गडबड आहे. डीबगेबल ॲपला आर्टची (अँड्रॉइडवर ॲप चालवणाऱ्या यंत्रणेची) वेग वाढवणारी बरीच ऑप्टिमायझेशन्स मिळत नाहीत, वर मेथड ट्रेसिंग प्रत्येक फंक्शनच्या आत शिरताना आणि बाहेर पडताना नोंद करतं, त्यामुळे छोटी छोटी फंक्शनं उगाच महाग दिसतात. रिलीज बिल्ड (लोकांना द्यायची आवृत्ती) करा, मॅनिफेस्टमध्ये (ॲपच्या माहितीच्या फाइलमध्ये) प्रोफाइलेबल, म्हणजे मोजू देण्याची परवानगी, टाका (अँड्रॉइड १० पासून चालतं, म्हणजे आईच्या फोनवर चालेल) आणि मेथड ट्रेस सोडून सिस्टम ट्रेस (फोनमध्ये कधी काय चाललं त्याची नोंद) घ्या. तोसुद्धा आईच्याच फोनवर, तुमच्या फोनवर मोजून काय मिळणार.

फाइल परफेटोत (ट्रेस बघायचं साधन) उघडा, मेन थ्रेडवर (पडदा रंगवणाऱ्या मुख्य कामाच्या रांगेत) कोरिओग्राफर डूफ्रेमच्या पट्ट्या दिसतील, एक पट्टी म्हणजे एका फ्रेमचं काम. ६० हर्ट्झला एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात, जी पट्टी त्याहून लांब तिच्या पोटात काय आहे ते बघा. त्याआधी डम्पसिस जीएफएक्सइन्फो (फ्रेमचे आकडे देणारी कमांड) रीसेट करून यादी एकदा वरखाली करा आणि जँकी (वेळेत न झालेल्या) फ्रेम्सचा आकडा लिहून ठेवा, नाहीतर नंतर फरक पडला की नाही यावर नुसत्या गप्पा होतात.

म्हापशेकार:
मला फोटोंचा वास येतोय. ॲपमध्ये किती मोठे ठेवलेत?

कुळागरवाला:
कॅमेऱ्यातून आले तसेच, ४००० बाय ३०००. पण एकेक फाइल ३ एमबीच्या आसपासच आहे हो, तेवढं काय जड?

म्हापशेकार:
भाऊ, ३ एमबी ती जेपेग दाबलेली असताना. उलगडली की प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, १ कोटी २० लाख पिक्सेल, म्हणजे एक फोटो ४८ एमबी. पडद्यावर सहा नग दिसत असतील तर २८८ झाले, आणि फोन ३ जीबीचा. जावाचा आलेख सपाट दिसला म्हणून निर्धास्त राहिलात, पण अँड्रॉइड ८ पासून बिटमॅपचे (उलगडलेल्या फोटोचे) पिक्सेल नेटिव्ह हीपमध्ये (जावाबाहेरच्या मेमरीत) जातात, त्यामुळे नेटिव्हची रेघ बघायला हवी होती. व्हॉट्सॲपवरून परत आल्यावर ॲप नव्याने उघडतं तेही बहुतेक यामुळेच, मेमरी कमी पडली की सिस्टम मागे पडलेल्या जड ॲपलाच आधी मारते.

कुळागरवाला:
काल ट्रेस घ्यायला बसलो तर पावसाने लाइट गेली, म्हणून आज लिहितोय. सुरुवातीला जँकी फ्रेम्स ४१ टक्के. परफेटोत प्रत्येक लांब पट्टीत आरव्ही ऑनबाइंडव्ह्यू (यादीच्या ओळीत नग भरणं), आणि त्याच्या पोटात डीकोडबिटमॅप (फोटो उलगडणं), एकेक २०० मिलिसेकंदांच्या वर. म्हणजे मी मेन थ्रेडवरच फोटो उलगडत बसलो होतो आणि दोन रात्री दोष देत होतो तो शोधण्याच्या फंक्शनला. इनसॅम्पलसाइज ८ केलं, म्हणजे फोटो आठपट लहान उलगडतो (५०० बाय ३७५, पाऊण एमबी), डीकोड कोरूटीनमध्ये (मेन थ्रेड न अडवता मागे चालणाऱ्या कामात) हलवलं. आता ६ टक्के.

पण नवीनच भानगड झालीय. आई म्हणते चिबुडाच्या नावासमोर कवंडळ दिसतं आणि मग बदलतं. मी बघतो तेव्हा सगळं बरोबर, जोरात सरकवलं तरच होतं.

रात्रपाळी:
आईला टेस्टिंगला ठेवा. रिसायकलरव्ह्यू (यादी दाखवणारा भाग) पडद्याबाहेर गेलेल्या ओळीचा तोच डबा पुढच्या नगाला वापरतो, तुमचं आधीचं डीकोड उशिरा पूर्ण होतं आणि जुना फोटो नव्या नावासमोर चिकटवतं. बाइंड करताना (डब्यात नवा नग भरताना) त्या डब्याचं आधीचं काम रद्द करा आणि इमेजव्ह्यू (फोटोची जागा) रिकामा करा. किंवा सरळ कॉइल नाहीतर ग्लाइड या फोटो दाखवायच्या तयार लायब्ररींपैकी एक घ्या, रद्द करणं, लहान करणं, कॅश (उलगडलेला फोटो जपून ठेवणं) हे सगळं त्या बघतात. शिकण्यासाठी हाताने केलंत ते बरंच झालं, पण चवथीच्या आधी द्यायचं असेल तर लायब्ररी.

म्हापशेकार:
आणि मूळ फोटोच १०८० रुंदीचे करून टाका ना, ८४ गुणिले ३ म्हणजे अडीचशे एमबीचं ॲप कोण डाउनलोड करणार, तेही गावातल्या रेंजवर.

कुळागरवाला:
केलं दोन्ही. कॉइल लावलं, ॲप १९ एमबीवर आलं, जँकी ४ टक्के, व्हॉट्सॲपवरून परत आलं तरी यादी जिथल्या तिथे. आईने सलग दहा मिनिटं वरखाली केलं, चुकीचा फोटो एकदाही नाही. फक्त निरफणसाचा फोटो कच्चा आहे, दुसरा काढ म्हणाली, तो प्रोफायलरात दिसला नव्हता. धाग्याला सुटलं अशी खूण केलीय, दोघांना देव बरें करूं.